चहात बुडवलेला पांढरा शर्ट

समजा, तुम्हाला एका माणसाचा चेहरा दाखवायचा आहे. एवढंच काम. माणूस पळत नाही, घोड्यावर बसलेला नाही, एका जागी उभा राहून बोलतो आहे. त्याच्या मागे आठ फुटी पांढरा बोर्ड आहे. त्याचा शर्टही पांढरा आहे, कडक इस्त्रीचा. खोलीत अंधार वाटतो म्हणून तुम्ही एक दिवा लावता आणि कॅमेऱ्यात बघता. बोर्ड झकास, शर्ट झकास, आणि कॉलरच्या वर डोक्याच्या आकाराची एक काळी वस्तू. आता तुम्ही काय कराल? दुसरा दिवा लावाल. मग बोर्ड आणखी झकास दिसतो आणि ती वस्तू आणखी काळी. तिसरा लावाल?

लातूरच्या तेजोवलय अकॅडमीत आमचा सातवा लावून झाला होता.

अकॅडमी नरसिंग सरांची. ते फिजिक्स शिकवतात, आणि त्यातही प्रकाशाचे धडे हा त्यांचा हातखंडा. चौकातल्या फ्लेक्सवर त्यांच्या फोटोखाली 'प्रकाश म्हणजेच नरसिंग सर' असं लिहिलेलं आहे. हे वाक्य त्यांनी स्वतः सुचवलेलं नाही, फक्त मंजूर केलेलं आहे. अपवर्तन, परावर्तन, भिंगाचं सूत्र, काहीही झोपेतून उठवून विचारलं तरी ते सांगतील. ऑनलाइन बॅच काढायची म्हणून त्यांनी वर्षभर नमुन्याचे व्हिडिओ टाकले. त्याखाली एका पोरानं लिहिलं, 'सर, आवाज क्लिअर आहे, पण तुम्ही कुठे आहात?' दुसऱ्यानं विचारलं, 'सरांना बातम्यांतल्या साक्षीदारासारखं का दाखवताय? ओळख लपवायची आहे का?'

सरांनी यातून एकच अर्थ काढला. उजेड कमी पडतोय.

"शिवलिंग, अजून दोन दिवे मागवा. शंभर वॅटचे."

शिवलिंग म्हणजे अकॅडमीचे मॅनेजर. निलंग्याकडचे, सरांच्याच गावचे. सरांनी सूर्य मागवला असता तरी शिवलिंगसाहेबांनी तो कुठल्या दुकानात मिळतो एवढंच विचारलं असतं. दिवे आले. ते बोर्डाच्या वर लागले, कारण सरांच्या मते पोरं बोर्ड बघायला येतात. सर आणखी काळे झाले.

यात जादू काही नाही. कॅमेऱ्याला चेहरा कळत नाही. ऑटोवर ठेवलेला कॅमेरा समोरचा सगळा उजेड गोळा करतो, त्याची सरासरी काढतो आणि ती मध्यम राखाडी यावी म्हणून आपला डोळा उघडतो किंवा मिटतो. समोर जवळपास सगळा पांढरा बोर्डच असला की त्याला वाटतं, फार झालं, आणि तो डोळा मिटून घेतो. बोर्डावर जितका उजेड जास्त, तितका तो जास्त मिटतो, आणि मधल्यामध्ये माणूस बुडतो. हे मला माहीत होतं. मी जळकोट तालुक्यातला, नांदेडला इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला आणि पुण्यात सहा महिन्यांचा कॅमेऱ्याचा कोर्स. पण एखादी गोष्ट माहीत असणं आणि ती नरसिंग सरांना सांगता येणं या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. मी एकदा सुरुवात केली, "सर, कॅमेरा सरासरी काढतो ना..."

ते म्हणाले, "सरासरी पोरांची बॅच सकाळी असते."

ज्यांना सांगता यायचं ते ताहेरचाचा.

ताहेरचाचा औशाचे, वय चोपन्न. अकॅडमीचा कॅमेरा त्यांच्या ताब्यात आणि मी त्यांच्या जोडीला संकलनाला. औशात त्यांच्या घराला बत्तीवाले म्हणतात. त्यांचे वडील लग्नाच्या वरातीला गॅसबत्त्या भाड्यानं द्यायचे. किल्ल्याजवळच्या गल्लीत त्यांच्या घरी बावीस बत्त्या ओळीनं टांगलेल्या असायच्या. कुठल्या नवरदेवाचं तोंड वरातीत दिसलं आणि कुणाचं नुसतं बाशिंग, हे त्या घरावर ठरायचं. पुढे बत्त्या गेल्या, हॅलोजन आले, हॅलोजनच्या मागून व्हिडिओ कॅमेरा आला. आठवीत शाळा सुटलेल्या ताहेरचाचांनी आधी हॅलोजन धरला, मग कॅमेरा धरला, आणि पुढची तीस वर्षं औशापासून थेट कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत लग्नं शूट केली.

"अब्बा सांगायचे," ते म्हणायचे, "बत्ती नवरदेवाच्या जवळ घे, पण नाकासमोर धरू नको. नाकासमोर धरली की तोंड भाकरीसारखं सपाट दिसतं. कानाच्या जरा पुढं, बाजूनं धर. अन् जवळ असली ना, की मागची वरात आपसूक अंधारात जाती."

मी हे वहीत लिहून घेतलं आणि खाली गणित मांडून बघितलं. अंतर दुप्पट केलं की उजेड एक चतुर्थांश. नरसिंग सरांनी हा नियम अकरा वर्षं पोरांकडून पाठ करून घेतला होता. औशाच्या अब्बांनी तो बिनसूत्राचा, घोड्याच्या चालीनं शिकवला होता.

दोन वर्षांपूर्वी चाचांनी लग्नं एकदम बंद केली. गुडघे दुखतात, म्हणाले, आणि अकॅडमीत लागले. रोज सकाळी औशाहून आठच्या एसटीनं यायचे, संध्याकाळी पाचच्या एसटीनं जायचे.

तर त्या सोमवारी शिवलिंगसाहेब स्टुडिओत आले. हातात पाण्याची बाटली होती. वाईट बातमी सांगायची असली की ते बाटली घेऊन येतात.

"ताहेरभाई, रविवारी ऑनलाइन बॅचचं उद्घाटन आहे. त्यासाठी सर 'मानवी डोळा' हा धडा शिकवणार. नमुना लेक्चर. सरांनी सांगितलंय, त्यात ते दिसले पाहिजेत."

"दिसतील की."

"नाही दिसले तर पुढच्या सोमवारी हैदराबादची टीम येणार. बोलणी झालीत. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

चाचा स्टुलावर बसले. "लावून घेऊ नका म्हणता. चोपन्न वर्षांच्या माणसाला आता कोण कॅमेरा देतं, साहेब? इथनं गेलो की घरी बत्त्या पुसत बसायचं."

"गुडघे बरे झाले तर जाल की परत लग्नाला."

"गुडघे," चाचा म्हणाले आणि स्टुलावरून चटकन उठले.

हातात सहा दिवस होते. त्यातला पहिला चाचांनी सातही दिवे बंद करण्यात घालवला. प्रत्येक दिवा बंद होताना शिवलिंगसाहेब छातीला हात लावायचे, कारण खरेदीची सही त्यांची होती. मग चाचांनी ईशान्येच्या खिडकीवरचा फ्लेक्स काढायला लावला. ही खिडकी बंद करू नका असं वास्तुवाल्यानं सांगितलं होतं, म्हणून सरांनी ती बंद केली नव्हती, फक्त तिच्यावर स्वतःचा फोटो लावला होता. फोटो निघाला आणि खोलीत मऊ, थंड उजेड आला. कॅमेरा आल्यापासून अकॅडमीत त्याच्या कामाची अशी एकमेव गोष्ट घडली होती, आणि ती वास्तुवाल्यानं केली होती.

त्यानंतर चाचा सरांकडे तीन मागण्या घेऊन गेले. मी सोबत होतो.

पहिली मागणी, कॅमेरा ऑटोवरून काढायचा. सर म्हणाले, "महागाचा कॅमेरा घेतला तो ऑटो आहे म्हणूनच." पण मान्य केली.

दुसरी, सरांनी बोर्डापासून सहा फूट पुढे यायचं, आणि त्यांचा दिवा वेगळा, बोर्डाचा वेगळा.

"सहा फुटांवरून मी लिहू कसा, ताहेरभाई? माझा हात एवढा लांब नाही."

"आधी लिहा, सर. मग पुढं येऊन बोला. लग्नात बी आधी अक्षता पडत्यात, मग फोटो."

सर हसले. तिसऱ्या मागणीला हसले नाहीत. तिसरी मागणी, शर्ट बदलायचा. निळसर, राखाडी, कुठलाही चालेल, पांढरा नको.

"हा शर्ट नाही, ब्रँड आहे," सर म्हणाले. "लातूरमध्ये पांढरा शर्ट म्हटलं की पालकांच्या डोळ्यांपुढं कोण येतं?"

वाढपी येतात, असं मला वाटलं. शिवलिंगसाहेब म्हणाले, "तुम्हीच येता, सर."

सरांकडे एकसारखे बारा पांढरे शर्ट आहेत. तेरावा त्यांच्या कटआउटच्या अंगात आहे. हा कटआउट म्हणजे सरांची फ्लेक्सची पूर्णाकृती, हाताची घडी घातलेली. प्रवेशाच्या दिवसांत तो फाटकाजवळ असतो, पालक त्याच्याबरोबर सेल्फी घेतात. एरवी तो स्टुडिओच्या कोपऱ्यात उभा असतो. डिझायनरनं त्याचा चेहरा इतका उजळलाय की खरे सर शेजारी उभे राहिले, तर कटआउटचे गावाकडे शेती बघणारे थोरले भाऊ वाटतात.

शर्टावर चाचा वाद घालत बसले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी शिवलिंगसाहेबांकडून बारांतला एक शर्ट पिशवीत घालून मागून घेतला.

"करणार काय याचं?" शिवलिंगसाहेबांनी विचारलं.

"चहा."

"शर्टाचा?"

"औशाच्या किल्ल्यात एकदा सिनेमावाले आलते. त्यांचा कपडेवाला पांढऱ्या साड्या पातेल्यात चहात उकळून राहिला होता. मी इचारलं, याडबिड लागलं का? तर म्हणला, पांढऱ्याला पडद्यावर पांढरं दिसायचं असंल, तर पांढरं असून चालत न्हाई."

दुसऱ्या दिवशी शर्ट आला. घरी अख्तरीचाचींनी बिनदुधाच्या पातळ चहात चिमूटभर मीठ घालून तो बुडवला होता. हातात घेतला तर मळकट, पावसाळ्यात न वाळलेल्या धोतरासारखा. कॅमेऱ्यात बघितला तर नुकताच धोब्याकडून आलेला. सरांनी अंगात घालताना नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"शेजारी टपरी आहे, सर," शिवलिंगसाहेब म्हणाले. नोकरीत इतक्या वर्षांत मी त्यांना एकदाच खोटं बोलताना ऐकलं, आणि ते अर्धं खरं होतं.

या आठवड्यात माझी वही भरत गेली. चाचांची शिकवण्याची एक तऱ्हा होती. ते स्वतः पडद्याकडे कधीच बघायचे नाहीत. कॅमेऱ्याचा छोटा पडदा माझ्याकडे वळवायचे.

"पडद्यावर भरवसा ठेवायचा न्हाई, सत्यम. त्यो दुपारी एक सांगतो अन् संध्याकाळी दुसरं. अन् आपला डोळा तर त्याहून खोटारडा. अंधारात बसला की अंधाराला सरावतो."

"मग ठरवायचं कशावर?"

"तळहातावर. हितं ये, सरांच्या जागी उभा ऱ्हा. तळहात गालापाशी धर, दिव्याकडं तोंड करून. माणूस गोरा असू दे का काळा, तळहात सगळ्याचा जवळपास एकच. हं, आता मी डोळा उघडत नेतो. रेघा कुठं आल्या सांग."

रेघा म्हणजे पडद्यावरच्या तिरप्या पट्ट्या. ठरवून दिलेल्या हद्दीच्या वर उजेड गेला की तेवढ्या भागावर त्या उमटतात. पडदा मी बघू शकेन असा वळवलेला असायचा.

"तळहातावर आता कुठं लागल्यात. शर्टावर खांद्याला थोड्या आहेत."

"तळहातावर लागल्या की थांबायचं. तिथनं जरा खाली घ्यायचं, तोंड बरोबर बसतं. शर्टाकडच्या दिव्याला पुठ्ठा लाव, खांदा कापून काढ."

प्रश्नपत्रिकांच्या खोक्याचा पुठ्ठा मी दिव्याला बांधला. दिव्यापुढं चाचींची जुनी पांढरी ओढणी ताणली, म्हणजे उजेड पसरून मऊ होईल आणि नाकाची सावली गालावर चाकूसारखी पडणार नाही. फोकससाठी जमिनीवर चिकटपट्टीची फुली मारली होती. सर फुलीवर, कॅमेरा खुणेवर, काम झालं. मला वाटायचं, चाचा मुद्दाम मला बघायला लावतायत, तयार करतायत. पुण्याच्या कोर्समध्ये एवढ्या आपुलकीनं कुणी शिकवलं नव्हतं. शुक्रवारपर्यंत माझ्या वहीत सतरा नियम झाले.

शनिवारी सकाळी शूटिंग. सर दहाला येणार होते. पावणेदहाला मी शिडीवर चढून ओढणी नीट करत होतो. चाचा कॅमेऱ्यामागून बोलले.

"सर, हनुवटी जरा खाली घ्या."

मी खाली बघितलं. सर आलेले नव्हते. फुलीच्या मागे, झाडूवाल्यानं सरकवून ठेवलेला कटआउट उभा होता. मी हसलो. चाचांची गंमत आवडली मला.

"चष्म्यात दिवा दिसून राहिला, सर. मान अशी उजवीकडं."

कटआउटनं हाताची घडी सोडली नाही.

"सर, ऐकून राहिले ना?" आता आवाजात थोडा राग होता. चाचा पुढं गेले, नेहमीसारखा तळहात सरांच्या गालापाशी धरायला, आणि त्यांची बोटं फ्लेक्सला लागली.

ते तसेच थांबले. हात गालावरच. मी शिडीवर हसायचा थांबलो होतो. त्या क्षणी मला वहीतले नियम एकेक करून आठवायला लागले, पडद्याचा, रेघांचा, फुलीचा.

"व्वा," दारातून आवाज आला.

नरसिंग सर वेळेआधी आले होते. मागे शिवलिंगसाहेब, हातात बाटली. सरांनी सगळं बघितलं होतं. मी शिडीची बाजू घट्ट धरली.

"बघा, शिवलिंग. याला म्हणतात व्यवसाय. माझा एक मिनिटसुद्धा वाया जाऊ नये म्हणून हा माणूस कटआउटवर रंगीत तालीम करतोय. त्याच्याशी बोलतोय. हैदराबादवाले करतील का असं?"

शिवलिंगसाहेब म्हणाले, "नाही करणार, सर."

चाचांनी हात खाली घेतला. "मोठ्या माणसाला उभं करून ठेवणं बरं न्हाई," ते म्हणाले.

सर इतके खूश झाले की त्यांनी तिथंच हुकूम काढला. आजपासून लायटिंग कटआउटवरच होईल, तो सांगेल तसा उजेड लागेल. मग आम्ही कटआउटच्या उजळ तोंडावरून कॅमेऱ्याचा उजेड ठरवला, सर फुलीवर उभे राहिले, आणि पडद्यावर पुन्हा तीच जुनी काळी वस्तू आली. सरांचा चेहरा पडला.

"हे काय?"

मला उत्तर माहीत होतं, पण ते तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं.

"कटआउटचं तोंड साफ केलेलं असतं, सर," चाचा म्हणाले. "तुमचं असली हाय. असलीला उजेड जास्त लागतो. तळहात द्या बरं."

असली हा शब्द सरांना आवडला. त्यांनी तळहात दिला. मी शिडीवरून उतरलो, पडद्यासमोर उभा राहिलो आणि चाचांनी विचारायच्या आधीच म्हणालो, "लागल्या. अंगठ्याखाली. आता जरा खाली." चाचांनी चाक फिरवलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, आणि मीही त्यांच्याकडे.

सर दिसले. खरोखर दिसले. गालावर एका बाजूनं मऊ उजेड, दुसऱ्या बाजूला हलकी सावली, मागे शांत राखाडी झालेला बोर्ड आणि त्यावरचं प्रत्येक अक्षर वाचता येत होतं. चहाचा शर्ट दुधासारखा पांढरा.

लेक्चर सुरू झालं. डोळ्याची रचना झाली, जवळचं दिसणं, लांबचं दिसणं झालं. मग सर बोर्ड सोडून फुलीवर आले आणि कॅमेऱ्यात बघून सावकाश बोलायला लागले.

"मोतीबिंदूत डोळ्याचं भिंग दुधी होत जातं. प्रकाश सरळ आत न जाता पसरतो. चेहरे ओळखू येत नाहीत, दिव्याभोवती वलय दिसतं. आणि गंमत म्हणजे, पुष्कळदा रुग्ण हे सगळ्यांपासून लपवतो." इथे सर हसले, थेट कॅमेऱ्याकडे बघून. कॅमेऱ्यामागे चाचा उभे होते.

"कसं झालं, ताहेरभाई?"

"फिरून घ्या, सर. 'गंमत म्हणजे'वर जरा कमी हसा."

सरांनी फिरून घेतलं. मग घसा बसला म्हणून फिरून, बाहेर टेम्पोचा भोंगा वाजला म्हणून फिरून. चार वेळा सरांनी ती लक्षणं सांगितली, चार वेळा चाचांनी ती उभ्यानं ऐकली. दोघांत सहा फुटांचं अंतर होतं. सर माणसाच्या डोळ्यातला दोष अकरा वर्षं शिकवतायत.

पाचच्या एसटीला वेळ होता. स्टँडवरच्या बाकावर मी चाचांशेजारी जाऊन बसलो.

"कधीपासून?"

"तीन वर्षं झाली असतील." त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. "निलंग्याच्या एका लग्नात नवरी समजून करवलीवर कॅमेरा धरला. अर्धं लग्न. नवरीच्या बापाला कळलं न्हाई, कारण त्यो बी रडत होता. पुढं त्या करवलीचं लग्न त्याच व्हिडिओवर जमलं, ते लोक अजून मला ईदला फोन करत्यात. पण मला कळलं, आता लग्न बस."

"म्हणजे गुडघे..."

"गुडघे चांगले हायत. हितं बरं वाटलं. माणूस एका जागी, कॅमेरा एका जागी, जमिनीवर फुली. आंधळ्यासारख्यासाठी अल्लाहनं बनवलेली नोकरी."

"आणि पडद्यावर भरवसा ठेवायचा नाही, हे?"

"मला पडदा दिसतच न्हाई, बाबा. नुसता दुधाचा पेला दिसतो."

मी वही काढली. सतरा नियमांतले बारा तरी मोतीबिंदूचे निघाले. चाचांना ते ऐकून हसू आलं, मग ते गंभीर झाले.

"पण त्यात खोटा एक बी न्हाई. डोळे चांगले असणारा बी पडद्यावर जाऊनच फसतो. मला फसायची सोयच राहिली नव्हती."

हे खरं होतं. मी काहीच खोडलं नाही.

"ऑपरेशन का नाही केलं? एका दिवसाचं काम आहे."

"एका दिवसाचं काम, अन् महिन्याची सुट्टी. सुट्टीला कारण लिहावं लागतं. कॅमेरावाला डोळ्यासाठी सुट्टी मागतो म्हटल्यावर सर काय म्हणतील?"

औशाची गाडी लागली. पाटी मी वाचून सांगितली. चढताना ते वळले. "तू सांगणार हायस का?"

"कुणाला? सरांना? त्यांना तर डोळ्यांतलं सगळं कळतं."

रविवारी उद्घाटन झालं. लेक्चर बाहेर पडल्यावर तासाभरात पोरांनी लिहायला सुरुवात केली. बरंच कौतुक आलं. एकानं लिहिलं, 'हे नवीन सर कोण आहेत? आधीचे अंधारातले सर भारी शिकवायचे, त्यांना परत आणा.' त्याला दोनशे जणांनी दुजोरा दिला. सरांनी शिवलिंगसाहेबांना खाली उत्तर टाकायला सांगितलं की सर तेच आहेत. त्यावर एकानं पुरावा मागितला.

पण हैदराबादची टीम आली नाही. ताहेरभाईंसारखा माणूस मिळत नाही, असं सर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायला लागले, आणि स्टुडिओसाठी त्यांनी दुसरा कटआउट मागवला, बसलेला. उरलेले अकरा शर्ट औशाला जाऊन चहातून परत आले. मेमध्ये परीक्षा संपल्यावर चाचांनी महिनाभर सुट्टी मागितली. कारणाच्या रकान्यात मीच गुडघे लिहिलं. सरांनी सही केली आणि स्वतःहून म्हणाले, "काळजी घ्या. तुमच्या वयात आधी गुडघे जातात. डोळे तेवढे सांभाळा, ते आपलं भांडवल आहे."

जूनच्या सुरुवातीला मी औशाला गेलो. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते. चाचा काळा चष्मा कपाळावर चढवून दारात बसले होते. समोर दोरीवर चाचींनी दोन शर्ट वाळत घातले होते, एक चहाचा, एक शिवलिंगसाहेबांनी सरांसाठी नवीन घेऊन दिलेला, अजून कोरा. चाचा हातानं एक डोळा झाकत होते, मग दुसरा, मग परत पहिला.

"सकाळपास्नं हेच चाललंय," चाची आतून म्हणाल्या. "मला बी उभं केलतं. हे डोळा झाकतात अन् म्हणतात, हलू नको. मी काय कटआउट हाय का?"

"ये, बस हितं," चाचा मला म्हणाले. "आता माझं ऐक. ह्या नव्या डोळ्यानं बघितलं की त्यो कोरा शर्ट निळा मारून राहिला, नीळ जास्ती झाल्यावानी. अन् ह्या जुन्यानं बघितलं की सगळंच चहात बुडवल्यासारखं. शर्ट, भिंत, अख्तरी, आभाळ."

"जुन्या भिंगाला पिवळेपणा येतो, चाचा. डोळ्याला त्याची सवय होते, म्हणून कळत नाही."

"ते डॉक्टरनं सांगितलं. दुसरा डोळा बी पुढच्या महिन्यात करू म्हणतो. म्हणजे दोन्ही सारखे होतील. चांगलंच हाय." त्यांनी परत एक डोळा झाकला आणि दोरीकडे बघत राहिले. कॅमेऱ्याला रंग कळत नाहीत. समोर काहीतरी धरून त्याला एकदा सांगावं लागतं की हे पांढरं, मग तो बाकीचे रंग त्यावरून लावतो. प्रत्येक लग्नात, मांडवात शिरल्या शिरल्या, चाचा कुणाचा तरी फेटा नाहीतर उपरणं बघून 'हे पांढरं' सांगणारं बटण दाबायचे.

"पण सत्यम, तू शिकलेला हायस, म्हणून इचारतो," ते म्हणाले. "तीस वर्षं मी कॅमेऱ्याला सांगत आलो, हे पांढरं हाय. ते ह्याच डोळ्यांनी बघून सांगितलं. अर्ध्या औसा तालुक्याची लग्नं त्याच रंगात कपाटात ठेवलेली हायत. आता त्यातला एक डोळा गेला, एकच राहिला. त्यो बी बदलला की तसं बघणारं कुणीच उरणार न्हाई. मग मी कुणाला इचारू, त्यो पांढरा खरंच पांढरा होता का?"